अर्धी चिमूट मिशरी

बाईंना ज्या बायका आवडत, त्यांच्यात मी कधीच नव्हते. हे आधीच सांगून टाकते. पुढे लिहिताना कुठे कडूपणा आला, तर तो कुठून आला ते वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

साताऱ्याला मी कॉलेजात होते, तेव्हा बाई आम्हाला भूगोल शिकवत आणि मुलींच्या वसतिगृहाचं कामही बघत. त्या सांगलीच्या. एकट्याच राहत. का एकट्या, हे विचारायची आमची छाती नव्हती. उंचीनं कमी होत्या आणि चालताना डावीकडे झुकत, कारण डाव्या खांद्याला कायम एक जड खाकी पिशवी असे. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषांचं मोठं घड्याळ. वर्गातल्या मुलींना त्या 'अहो' म्हणत. "अहो, तुम्ही कोयना उलटी वाहवलीत," असं त्या माझ्या नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, तेव्हा सगळ्या मुली हसल्या. मी मात्र दिवसभर त्या 'अहो'तच होते. उंब्रजपासून आत असलेल्या आमच्या गावात तोवर मला 'ए पोरी' याच्या पलीकडे कुणी हाक मारली नव्हती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मला वाटायला लागलं होतं की बाईंनी एकदा आपल्याकडे नीट बघावं, मग आपलं शिकणं पुरं झालं.

पण बाई बघत त्या दुसऱ्यांकडे.

त्या खाकी पिशवीत डब्या होत्या. बामच्या, पावडरीच्या, आणि जास्त करून फोटोच्या रोलच्या काळ्या प्लॅस्टिकच्या. बाई जिना चढायला लागल्या की पिशवी खुळखुळायची आणि आम्ही घाईनं पुस्तकं उघडून बसायचो. प्रत्येक डबीत कुणा ना कुणा बाईची मिशरी होती. सोडायचं ठरवून बायकांनी दिलेल्या त्या डब्या. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, एवढं ओझं रोज कशाला वागवता? खोलीत ठेवा की."

"आणि वाटेत कुणी परत मागितली तर? खोलीवर धावत जाऊ?"

"परत देता तुम्ही?"

"तिची आहे. मागितली तर द्यायला नको?"

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्या भागात बायका तिनं दात घासतात, आणि दात घासून झाले तरी बोट बराच वेळ हिरड्यांवर फिरतच राहतं. पण ती तंबाखू आहे असं कुणी धरत नाही. 'तू तंबाखू खातेस का?' असं विचारलं असतं तर माझी आई चिडली असती. तंबाखू गडीमाणसं खातात. बायका मिशरी लावतात.

ही चूक फक्त बायकाच करत होत्या असं नाही. त्या काळात सातारा-सांगलीकडच्या काही डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी मिळून तंबाखूविरुद्ध एक समिती काढली होती. एसटीत 'धूम्रपान करू नये' अशी पाटी असायची आणि तिच्याखालीच लोक विडी पेटवायचे. स्टँडवरच्या टपऱ्यांवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लोंबायला लागल्या होत्या. समिती गावोगावी चित्रांचं प्रदर्शन न्यायची, कॉलेजच्या पोरांना भाषणं करायला लावायची. भाषण करणाऱ्यांत मी होते. मला ते जमत होतं. निबंधातही माझा नंबर यायचा.

एकदा आष्ट्याजवळच्या एका गावात आम्ही देवळाच्या ओवरीत चित्रं टांगली. सगळ्या चित्रांत सिगारेटी. सिगारेट ओढणारा सांगाडा, सिगारेटच्या धुराचा साप, सिगारेटींची तिरडी. मी जीव तोडून बोलले. समोर बायका बसल्या होत्या, मान डोलवत होत्या. पुढच्या रांगेतल्या एकीनं शेजारणीला कोपर मारलं आणि तोंडातलं बोट काढून म्हणाली, "खरं बोलती गं पोरगी. गड्यांनी सोडायलाच पायजे." आणि बोट परत तोंडात. माझं भाषण संपलं तेव्हा टाळ्या यायला जरा उशीर झाला. आधी हात पुसावे लागले.

मी ओवरीतून खाली आले. बाई ऐकत असतील असं मला वाटत होतं. बाई त्या पुढच्या रांगेतल्या बाईशेजारी, भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. तिच्यापुढे त्यांनी तळहात धरला होता.

"मला अर्धी द्या."

आमच्याकडे एक रीत आहे. डबी उघडली की शेजारणीला चिमूट द्यायची, आणि मागितली तर नाही म्हणायचं नाही. मिठाला नाही म्हणतील, मिशरीला म्हणणार नाहीत. त्या गावच्या बाईनं आपल्या तळहातावरची चिमूट दोन बोटांनी भागली आणि अर्धी दिली. बाईंनी ती पिशवीतल्या आपल्या डबीत टाकली, झाकण लावलं, तोंड फिरवलं आणि शिंकल्या. एकदा शिंकल्या की त्या थांबत नसत. देवळातली कबुतरं उडाली. बायका पोट धरधरून हसल्या.

"आवं बाई, लावायची न्हाई, सोसत न्हाई, तर मागताय कशाला?"

"तुमच्याजवळ बसायचंय. नुसती बसले तर तुम्ही म्हणाल, ही कोण."

"मग बसा की. बसायला काय मिशरी लागती व्हय?"

"तुम्हाला लागते," बाई म्हणाल्या.

मला त्या उत्तराचा अर्थ कळला नाही. माझ्या भाषणाबद्दल परतीच्या एसटीत बाई एवढंच म्हणाल्या, "आवाज स्वच्छ आहे तुमचा." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

त्यांची पद्धत म्हणाल तर हीच, दुसरी कुठली नव्हती. जाऊन बसायचं आणि अर्धी मागायची. दुसऱ्या खेपेला तिथंच जायचं, पुन्हा अर्धी. काही बायका हुशारी करत, मोठी चिमूट काढत, म्हणजे अर्धी गेली तरी पुरेल. बाई त्याचीही अर्धी घेत आणि म्हणत, "लबाडी नको हं, मला दुप्पट शिंका येतात." तंबाखू वाईट, कॅन्सर होतो, असलं त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. अशी अर्धी-अर्धी जमवलेली मिशरी त्या वसतिगृहामागच्या जास्वंदीच्या बुडात पुरत. त्या जास्वंदीला कधी कीड लागली नाही. त्यामुळे की कशामुळे, कोण जाणे.

समितीच्या अध्यक्षांना, ते साताऱ्यातले एक डॉक्टर होते, हे काही पसंत नव्हतं. एका बैठकीत मी चहा देत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, आजवर किती जणींनी सोडली?"

"विचारलं नाही."

"का बरं?"

"विचारलं की खोटं बोलतात. मग खोटं बोलल्याची लाज वाटून पुन्हा भेटत नाहीत."

"पण काहीतरी आकडा..."

"किती वेळ बसल्या ते सांगू का?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून चहा मागितला. त्यांच्या हातात आधीच कप होता.

वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या करायला एक मावशी होत्या. मिशरीची त्यांची डबी कमरेलाच असे. दुपारी पोळपाट धुतला की त्या बाईंच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसत. बाई आतून खुर्ची सोडून येत, त्याही उंबऱ्यातच बसत. तासभर. माझी खोली समोरच. मी खिडकीत निबंध घेऊन उभी असे, दाखवायला. मावशींचं चाललेलं असायचं: सुनेचं, गॅसच्या नंबरचं, गुडघ्याचं. बाई मान हलवत असत, मधेच शिंकत असत. मावशी गेल्या की मी जायची. बाई उभ्या-उभ्या निबंध वाचत, "छान," म्हणत, आणि कागद परत देत.

मला व्यसन नव्हतं. म्हणून बाईंना माझं काही कामच नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी जे केलं ते सांगायला हसू येतं. मी मावशींकडे चिमूट मागितली. रीतच तशी, त्यांना नाही म्हणता येईना. "पोरी, तुझं काय काम गं?" म्हणत त्यांनी दिली. मी ती लावली. आता आपल्याकडेही बाईंना द्यायला काहीतरी होईल, असा माझा हिशेब. थोड्या वेळात भिंती फिरायला लागल्या, घाम फुटला, आणि मी मोरीत ओकत बसले. माझं कपाळ कुणीतरी धरलं. बुटांवरून ओळखलं.

"तुम्हाला नाही जमणार," बाई म्हणाल्या. "मलाही नव्हतं जमलं. मी तर सांगलीच्या नदीवर ओकले होते, चारचौघींत."

"तुम्ही का लावली होती?"

बाईंनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. "माझी एक मैत्रीण लावायची. मला सोडून इतरजणींत जाऊन बसायची." "म्हणून मीही लावली, अगदी तुमच्यासारखीच," असं म्हणाल्या.

त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी तेवढ्या वेळापुरत्या बाई माझ्या होत्या, ते मला मोडायचं नव्हतं.

त्याच वेळी, मोरीच्या कट्ट्यावर बसून, मी त्यांना आईचं सांगितलं. सांगायचं मनात नव्हतं. आईच्या खालच्या ओठाच्या आत एक पांढरा डाग आला होता. कराडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं होतं आणि म्हणाले होते, मिशरी आजपासून बंद, नाहीतर हा डाग पुढे काय करील सांगता येत नाही. मी आईला सगळं समजावलं होतं. पुस्तकातली चित्रं दाखवली होती. रडले होते. शपथ घातली होती. आई म्हणाली होती, "बरं." आणि घरामागच्या परड्यात जाऊन डबी उघडली होती.

बाईंनी विचारलं, "लावायला बसते कुठे?"

"बसते म्हणजे?"

"जागा. कुठली जागा?"

मला आठवावं लागलं. "परड्यात. गोठ्याच्या भिंतीला टेकून."

"आणि तुम्ही कधी तिच्याजवळ बसलात तिथं?"

उठताना बाई म्हणाल्या, "शनिवारी मी सांगलीला जाते. उंब्रजला उतरीन."

बाई दर शनिवारी साताऱ्याहून सांगलीच्या एसटीत बसत, पण ती गाडी त्यांना सरळ सांगलीला कधी नेत नसे. वाटेत कुठेही उतरत, तासभर कुणाच्या तरी परड्यात बसत, आणि मागची गाडी धरत. कंडक्टर त्यांना ओळखायचे. "बाई, आज कुणाकडं?" असं तिकीट फाडतानाच विचारायचे.

त्या आमच्याकडे जायला लागल्या. मी साताऱ्यातच, कारण शनिवारी माझी प्रॅक्टिकल्स असत. महिन्यातून एकदा घरी गेले की आईच्या बोलण्यात बाई.

"बाई म्हनत हुत्या, सांगलीत हळद लय पिकती."

"बाईंना भाकरी थापता येत न्हाई गं अजाबात. पर बसता लय झ्याक येतंय."

"बाईंच्या शिंका ऐकून म्हस दावं तोडाय लागली, काय सांगू तुला."

माझे वडील, आण्णा, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांचा आवाज तीन घरांपलीकडे जायचा. ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती मास्तरीण दर शनवारी येती. विमा विकती का?"

"नाही आण्णा."

"मग? नुसत्या बसत्यात दोघी. काय एवढं बोलत्यात?"

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. माझी आई बोलत नसे. म्हणजे कामापुरती बोले: पाणी तापलं, शेरडाला पाला टाक, तुझा बाप आला. मी बारावीला पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हशीचं दूध काढायला गेली. दिवसभर तिला कुणी ना कुणी हाक मारत असायचं, बहुतेक वेळा आण्णा. फक्त एका वेळी नाही. मिशरी लावलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही, हीही आमच्याकडची रीतच. तिला बोलता येत नाही, उठायचं तर आधी थुंकून चूळ भरावी लागते. त्यापेक्षा माणूस थांबतो. आण्णासुद्धा परड्याच्या दारापर्यंत येत, आईचं बोट तोंडात बघत, आणि गुरगुरत परत जात.

एका शनिवारी प्रॅक्टिकल बुडवून मी बाईंच्या आधीची गाडी धरली. ती वाटेत बंद पडली, आणि मी पोचले तेव्हा बाई आधीच परड्यात होत्या. मी गोठ्याच्या कोपऱ्यावर थांबले. दोघी भिंतीला टेकून बसलेल्या, पाय पसरून, आईचे अनवाणी आणि बाईंचे बुटातले. आई हसत होती. तोंडाला पदर न लावता. आईचे वरचे दात एवढे बारीक आहेत, हे मी तेव्हा पाहिलं.

बाईंनी हात पुढे केला. "अर्धी द्या."

"आता हाय किती त्यात, का अर्धी मागताय!" आई म्हणाली आणि दिली. बाई शिंकल्या. तेवढ्यात आईची नजर माझ्यावर पडली.

"आलीस? हातपाय धू जा. चुलीवर दूध हाय बघ."

बाईंनी सरकून जागा केली, जमिनीवर हात आपटला. "अहो, या की."

"तिला कशाला," आई म्हणाली, "तिला अभ्यास असतोय."

मी दूध बघायला गेले. चूल परड्याच्या भिंतीला लागूनच. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आई म्हणत होती, "हिच्याच येळंला लागली बघा. पोटात कायबी ठरायचं न्हाई. सासू म्हनली, लाव चिमूटभर, मळमळ थांबती. थांबली की. मग ऱ्हायलीच ती. पोरगी झाली, मोटी झाली, सातारला गेली. ही न्हाई गेली."

"मुलीला सांगितलंत हे?"

"छ्या. तिला वाटंल, आपल्यामुळं झालं. लय मनाला लावून घेती ती. लहानपनापास्नं."

मी चुलीपुढे उकिडवी बसले होते. माझ्याविषयीची गोष्ट, माझ्या जन्माआधीची, माझ्याविषयीची काळजीसुद्धा, आणि हे सगळं आईनं दिलं ते दुसऱ्या बाईला. मला बाईंचा राग आला. आईचा आला. कुणाचा जास्त ते ठरवता येईना. ज्या बाईंनी माझ्याकडे बघावं म्हणून मी मोरीत ओकले, त्या माझ्या आईकडे बघत होत्या; आणि जिनं माझं ऐकावं म्हणून मी शपथा घातल्या, ती आई बाईंशी बोलत होती. मधे मी, आणि दूध.

"दूध बघ गं!" आई पलीकडून ओरडली. दूध गेलंच होतं.

बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना हायवेपर्यंत सोडायला गेले. दोघी उसाच्या कडेनं चालत होतो. अर्ध्या वाटेत मी म्हणाले, "बाई, मी सांगितलं तेव्हा ऐकलं नाही तिनं. तुम्ही तर काही सांगितलंच नाहीत."

"मी तिच्या घरची नाही ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत की तिला आणखी एक हाक आल्यासारखं वाटतं."

मला हे लागलं. बाईंना कळलं असावं, कारण त्यांनी पिशवी उजव्या खांद्यावर घेतली आणि डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं, "बाई, झालं का बसून?" आणि त्या चढल्या.

पुढे पुष्कळ वर्षांनी, बाई निवृत्त होऊन सांगलीला गेल्यावर, मी त्यांना एकदा भेटून आले. तेव्हा मी वडूजला हायस्कुलात शिकवत होते. बाई थकल्या होत्या, ऐकू कमी येत होतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात सगळ्या डब्या ओळीनं लावून ठेवलेल्या. मी खाली बसून एकेक हातात घेतली. ही मावशींची, ही आष्ट्याकडच्या त्या पुढच्या रांगेतल्या बाईची. बाईंना प्रत्येकीची ओळख होती. डबी दाखवली की सुनेचं, जावयाचं, गुडघ्याचं सांगत होत्या. एवढ्या जणी त्यांच्याजवळ बसल्या होत्या. माझी एकही डबी त्यात नव्हती, असणारच नव्हती, तरी मी शोधल्यासारखं करत होते.

"आई कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"बरी आहे. डाग गेला तो."

"आणि बसते का?"

"बसते," मी मोठ्यानं म्हणाले. बाईंनी मान हलवली, पोरीनं नकाशा बरोबर काढल्यावर हलवायच्या तशी. आईची डबी त्या कपाटात नव्हती. ती कुठे आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं.

ते मला कळलं ती गोष्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली. परीक्षा संपली आणि मी न कळवता घरी गेले. त्या आधीच्या खेपेला आईनं मला सांगितलं होतं की मिशरी सुटली. मी साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं. समितीच्या अध्यक्षांनासुद्धा, त्यांनी लगेच आकड्यात धरलं होतं. घरी पोचले तर आण्णा पुढच्या बाजेवर पेपर वाचत होते. मी पिशवी टेकवून थेट मागे गेले.

आई गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर डबी, फोटोच्या रोलची, काळी. आणि बोट तोंडात.

"आई!" मी ओरडले. "अजून? खोटं बोललीस माझ्याशी?"

आईनं डोळे मोठे करून दुसऱ्या हातानं मला गप्प बसायची खूण केली. बोट तोंडातच. मी पुढे जाऊन मांडीवरची डबी उचलली. झाकण काढलं. उपडी केली.

काही पडलं नाही. आत बघितलं. धुऊन पुसून कोरडी केलेली, आतलं काळं प्लॅस्टिक चमकत होतं. नाकाशी धरली. साबणाचा वास.

आईनं बोट काढलं. स्वच्छ होतं. पदराला पुसलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वरडू नगंस. तुजा बाप ऐकंल."

"हे काय?"

"बाई म्हनल्या, मिशरी मला द्या, डबी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. डबी दिली तर बसशीला कशी, म्हनल्या." आई लाजल्यासारखी हसली. "खरंच हाय की. नुसती बसली तर हाक येती. बोट दिसलं की न्हाई येत."

"किती दिवस चाललंय हे?"

"झालं की लय दिवस. बाईंना ठावं हाय."

बाईंना ठाऊक होतं. आणि मला नव्हतं. ते मला पुन्हा एकदा लागलं, आजही लिहिताना लागतं, खोटं कशाला बोलू. मी डबी हातात घेऊन उभीच राहिले. आत जाऊन कपडे बदलावेत, दूध बघावं, काहीतरी काम काढावं, असं वाटत होतं.

"बस की," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती सरकली होती. भिंतीला टेकायला एका माणसाची जागा झाली होती. मी बसले. भिंत उन्हानं तापलेली होती. आईनं माझ्या हातातून डबी घेतली, आपल्या तळहातावर उपडी करून ठोकली, दोन बोटांनी त्या नसलेल्या चिमटीचे दोन भाग केले, आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"अर्धी तुजी."

पुढून आण्णांचा आवाज आला. "ए पोरी! आलीस ना गं? पानी आन जरा!"

मी उठायला लागले. आईनं माझा पदर धरून खाली ओढलं.

"घाल बोट तोंडात," ती म्हणाली.

मी घातलं. आण्णा परड्याच्या दाराशी आले, आमच्याकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि काहीतरी गुरगुरत परत गेले. पाणी त्यांनी स्वतःच घेतलं असावं. हंड्यावर तांब्या वाजला. आई भिंतीला डोकं टेकून, तोंडात बोट धरून, खांदे हलवत हसत होती, आणि तिच्या खांद्याला माझा खांदा लागलेला होता.